आत्याच्या नावावरचा नंबर

अण्णा,

तुमच्या बहिणीचा फोन परवापासून पुन्हा सुरू झाला आहे. भेटेल त्याला मी एवढंच सांगते आणि भेटेल तो 'बरं झालं' म्हणतो. मला मात्र काही बरं वाटत नाही. सकाळपासून दोनदा चहा टाकला आणि दोन्ही वेळा तो कपातच गार झाला. आज ऑफिसचं काम घरूनच करायचं आहे, कॉम्प्युटर समोर उघडा आहे, पण ओटीवरून मोरीपर्यंत आणि मोरीपासून ओटीपर्यंत नुसत्या येरझाऱ्या चालल्या आहेत. तुम्ही असता तर म्हणाला असतात, 'बस गं एका जागी, जमीन झिजल.' म्हणून बसले आहे, आणि बसल्यावर हात रिकामे नकोत म्हणून लिहिते आहे.

तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली, त्यामुळे आधी काही गोष्टी सांगाव्या लागतील. तुम्ही आत्याकडे बसवलेला तारेचा फोन तुमच्यानंतर चार-पाच वर्षं चालला. मग खांब पडले, तारा कुजल्या, आणि त्या बाजूला कुणी फिरकेना. तेव्हापासून आत्याकडे मोबाइल आहे. हल्लीचा तिचा मोबाइल बोलतो, अण्णा. काचेवर बोट फिरवलं की बोटाखाली काय आहे ते सांगतो, फोन आला की कोणाचा ते सांगतो, मेसेज आला की वाचून दाखवतो. आत्या म्हणते, "दादापरीस बरा हाय. इचारलं तर जबाब तरी देतो." लहानपणी देवी आल्या आणि तिच्या डोळ्यांच्या खाचा झाल्या, पण हात असे की कर्जतपासून भिवपुरीपर्यंत कोणाकडे बाळंतपण झालं की पहिला फोन तिला जातो. बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायचं, बाळंतिणीला तेल लावायचं, शेक द्यायचा. सत्तरी उलटली तरी हे चालू आहे. लोक रिक्षा पाठवतात, ही घडीचं लुगडं नेसून ऐटीत जाऊन बसते. तो नंबर म्हणजे तिचा सगळा कारभार आहे.

आणि माझं काम. तुम्ही गेलात तेव्हा मी कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवत होते. आता नवी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत आहे. लोक मोबाइलवर जी ॲप वापरतात ती आंधळ्या, बहिऱ्या, हात न चालणाऱ्या माणसांना वापरता येतात की नाही हे आम्ही तपासतो आणि तसा दाखला देतो. तुमच्या वेळी तार, खांब, नियम आणि तक्रारीची वही, सगळं एकाच खात्याचं होतं. आता फोनच्या कंपन्या वेगळ्या आणि त्यांच्यावर नजर ठेवणारा नियामक वेगळा. तो कंपन्यांना विचारतो, तुमचं ॲप अपंगांना वापरता येतं का? कंपन्या आमचा दाखला पुढे करतात. दाखल्याच्या तळाशी माझी सही असते. तुम्हाला याचं कौतुक वाटलं असतं. निदान आधी वाटलं असतं.

कारण मला खालापूरचं तुमचं टेलिफोन एक्सचेंज आठवतं. मी सातवीत असेन, सुट्टीत तुमच्या सायकलवर मागे बसून यायची. एकच खोली, भिंतीला करड्या रंगाचं कपाट, त्यात लाइनी जोडणारे रिले एकसारखे टकटकत असायचे. तुम्ही खांबावर जायचात आणि मी टेबलापाशी बसून लोकांच्या तक्रारी वहीत उतरून घ्यायची. एके दिवशी निवृत्त गुरुजींची तक्रार येते, फोन बंद. तुम्ही बाहेर आहात. तुम्ही कसं तपासता ते मी शंभरदा बघितलेलं, म्हणून मी टेस्टचा फोन त्यांच्या लाइनवर लावते, कानाला धरते. टोन खणखणीत. मी वहीत त्यांच्या नावापुढे मोठ्या अक्षरात लिहिते, 'चालू'. वर तुमच्यासारखी वळणदार सहीसुद्धा करते. तुम्ही येता, घाम पुसता, वही बघता.

"गुरुजींशी बोललीस?"

"नाही. टोन आहे ना."

"टोन हाय ते तुला ठाव. त्यांना ठाव हाय?"

तुम्ही आवाज चढवत नाही, ते मला जास्त लागतं. तुम्ही मला तसंच सायकलवर बसवता आणि भर उन्हात गुरुजींच्या दारी नेता. फोनला टोन आहे, खरंच आहे. पण घंटीची तार तुटलेली आहे, त्यामुळे फोन आला तरी वाजतच नाही. गुरुजींची मुलगी दवाखान्यात आहे आणि ते दोन दिवस त्या मुक्या फोनसमोर खुर्ची टाकून बसलेले आहेत. तुम्ही तार जोडता, एक्सचेंजला सांगून घंटी वाजवून घेता, गुरुजींना स्वतः उचलायला लावता, बोलायला लावता. तुमची पद्धतच ती होती. बाकीचे लाइनमन टेबलावरून फॉल्ट मिटवायचे, तुम्ही ग्राहकाने स्वतः बोलून दाखवल्याशिवाय वहीत 'चालू' लिहायचा नाहीत. म्हणून तुमचे फॉल्ट महिनोन्महिने उघडे दिसायचे आणि साहेब तुमच्यावर खार खाऊन असायचे. परत येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि म्हणालात, "परत माझी सही करू नको." मला रस गोड लागला नाही.

आत्याच्या फोनचंही तुम्ही असंच केलंत. तेव्हा मी त्याहून लहान होते, पण हे मला स्वच्छ दिसतं. ऑफिसात कारकून फॉर्म भरतो आहे आणि न विचारताच तुमचं नाव लिहितो. तुम्ही म्हणता, नाव बहिणीचं. तो म्हणतो, अहो, आंधळ्या बाईच्या नावावर कनेक्शन कशाला, उद्या काही झालं तर सही कोण करणार, भाऊ आहात ना तुम्ही. तुम्ही फॉर्म त्याच्या हातातून काढून घेता, चार तुकडे करता आणि दुसरा मागता. मग आत्याला शेजारी बसवून तुम्ही तो फॉर्म वाचून दाखवता, वरपासून खालपर्यंत, मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या अटींसकट. मागे रांग लागलेली, लोक चुळबुळ करताहेत, कोणीतरी म्हणतं की पोथी लावली काय. आत्या मान डोलवत ऐकते आणि शेवटी विचारते, "तारा चोरीला गेल्या तर माझ्या अंगावर नाय ना?" तुम्ही म्हणता, "नाय." मग ती अंगठा लावते. शाळेत तिचं नाव नव्हतं, सातबारावर नव्हतं, रेशनकार्डावर तुमच्या खाली होतं. पहिल्यांदा तिच्या एकटीच्या नावाने काही घरात आलं ते फोनचं बिल. ते ती प्रत्येकाला वाचायला लावायची, फक्त नावाची ओळ.

आता माझी चूक सांगते. गेल्या वर्षी एका फोन कंपनीचं ॲप आमच्याकडे तपासायला आलं. जुन्या ग्राहकांची कागदपत्रं परत तपासायची, त्यासाठीचं. नाव, आधार, आणि शेवटी समोरचा माणूस खरोखर जिवंत आहे, नुसता फोटो नाही, याची खात्री. त्यासाठी चेहरा कॅमेऱ्यासमोर एका गोलात धरायचा आणि डोळे मिटून उघडायचे. आमच्याकडे एक सहकारी आहे, जन्मापासून आंधळा, अतिशय हुशार. प्रत्येक ॲप तो वापरून बघतो. त्याने हेही बघितलं. ॲप आवाजात सांगत होतं, चेहरा डावीकडे घ्या, वर घ्या, आता डोळे मिटा, उघडा. त्याने मिटले, उघडले, झालं. मग हसत म्हणाला, "मॅडम, माझे डोळे चालत नाहीत, पण पापण्या चालतात बरं का. सगळ्यांच्या चालतील असं धरू नका." मीही हसले. आणि हसता हसता यादीत टिकमार्क केला. तेव्हा मला आत्या आठवायला नको होती का, अण्णा? मी तिच्या मांडीवर वाढले. तिच्या पापण्या जुळलेल्या आहेत हे मला जितकं माहीत आहे तितकं डॉक्टरलाही नसेल. पण यादीत रकाना होता 'दृष्टिहीन', त्यात एक माणूस बसवला आणि पास झाला, की रकाना भरला. 'सूचना सुस्पष्ट मराठीत मिळतात' असा शेरा वर मीच लिहिला. कौतुकाचा.

ते ॲप सुरू झालं आणि पावसाळा संपता संपता आत्याला मेसेज यायला लागले, तिचा नंबर त्याच कंपनीचा: पडताळणी करा, नाहीतर फोन बंद होईल. आधी तिचे जाणारे फोन बंद झाले, मग येणारेही. कंपनीचे मेसेज तेवढे येत राहिले. मी तिला घेऊन कंपनीच्या कर्जतच्या दुकानात गेले. दुकानातली मुलगी चांगली होती, स्टूल दिलं, पाणी दिलं. मोबाइल आत्याच्या तोंडासमोर धरला. तो मीच वाखाणलेला स्वच्छ आवाज बोलायला लागला. डोळे मिटा. डोळे उघडा. आत्या कपाळ वर नेते, खाली आणते, गालाचे स्नायू हलवते. एकदा, दोनदा, तीनदा. मग तो आवाज म्हणाला, पडताळणी अयशस्वी, कृपया जिवंत व्यक्तीचा चेहरा दाखवा.

आत्या खो खो हसली. "मी मेली काय गं? आडातच नाय तर पोहऱ्यात कुठून येनार, सांग ह्या पोरीला."

मुलगी ओशाळली. माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आजींचा नंबर तुमच्या नावावर करून घ्या ना. पाच मिनिटांचं काम आहे. वापरतील त्याच. सगळे असंच करतात."

आत्याचं हसू थांबलं. "नाव दादानं घालून दिलंय. ते नाय बदलायचं."

"आत्या, तेव्हाचा तो फोन वेगळा होता, हा नंबर वेगळा."

"नंबर कंचा का असंना, नाव त्येच हाय. बंद ऱ्हाऊ दे. मी थांबीन. माज्या नावावर चालू झाला म्हंजे सांग."

मी तिला घरी सोडलं आणि कामाला लागले. पायाला भिंगरी लावून फिरले म्हणा ना. कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन केले. एक मुलगा म्हणाला, मॅडम, चांगल्या उजेडात प्रयत्न करा. तिसऱ्या दिवशी मेसेज आला, आपल्या तक्रारीचं निराकरण झालं आहे. तिला कोणी एक शब्द विचारला नव्हता. वरच्या पायरीवर अपील केलं, तिथून उत्तर आलं की आमच्या ॲपला सुलभतेचा दाखला आहे, सोबत जोडला आहे. मी जोडपत्र उघडलं. खाली माझी सही.

त्या काळात आत्या शेजारच्या सुनेचा फोन मागून मला रोज दुपारी फोन करायची. "काय झालं गं?" एवढंच. रागाने नाही, घाईने नाही. मी म्हणायची, चाललंय. एकदा तिने सांगितलं, कर्जतच्या एका घरी मुलगी झाली, त्या बाळाच्या बापाला आत्यानेच न्हाऊ घातलं होतं. त्या लोकांनी चार दिवस फोन लावला, लागेना, मग दुसरी बाई ठेवली. "माजी काय ती जहागिरी नाय. पन त्याला न्हाऊ घातलावता, त्याची पोर मला घ्यायची व्हती." असं म्हणून तिने फोन ठेवला. ते मला सोसेना. दुपारचे दोन वाजायला आले की मी मोबाइल उलटा करून ठेवायची. फोन वाजू नये असं वाटायचं, आणि नाही वाजला तर जीव टांगणीला.

मधल्या काळात मी एक गोष्ट नीट केली, तीही सांगते. नियामकाने या पडताळणीच्या नियमांवर सगळ्यांकडून सूचना मागवल्या होत्या, आमच्या कंपनीचं उत्तर मी लिहीत होते. त्यात मी स्पष्ट लिहिलं की डोळे मिटण्याची ही अट लाखात एखाद्याची अडचण म्हणून सोडून देऊ नये, मान वळवणं, आकडे बोलून दाखवणं, बोटाचा ठसा, नाहीतर समोर बसलेल्या माणसाने खात्री करणं, असे दुसरे रस्ते सक्तीचे करावेत. आणि दाखला देताना तपासणीत चूक झाली, ती माझी, हेही लिहिलं. आमच्या कंपनीचे सर म्हणाले, "हे लिहिलंत तर क्लायंट जाईल, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. दोन दिवस मजकूर त्यांच्या टेबलावर पडून होता. मग तो तसाच गेला. त्या क्लायंटच्या कामावरून मला काढलं आहे, पुढचं माहीत नाही. तो आंधळा सहकारी माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "मॅडम, हे करायला छाती लागते." मी त्या दिवशी घरी येताना ताठ मानेने चालले असेन. तुमची आठवण काढली, खोटं कशाला सांगू.

नियम बदलेल, कदाचित. सहा महिने, वर्ष. असल्या गोष्टींना वेळ लागतो हे तुम्ही खात्यात राहून पुरतं जाणून होतात.

आता परवाचं. मी आत्याला सांगितलं की चल, दुकानात नवीन सोय झाली आहे. ती घडीचं लुगडं नेसून आली. दुकानातल्या मुलीने मला बघितलं, तिला बघितलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं, आणि मी तिला डोळ्यांनी खुणावलं. आत्याच्या डोक्यावरून. मुलगी समजली. तिने माझं आधार घेतलं आणि मालकी बदलण्याचा अर्ज भरायला सुरुवात केली, माझ्या नावावर. जुन्या ग्राहकाची संमती म्हणून आत्याच्या मोबाइलवर मेसेज गेला. तिचा मोबाइल तो मोठ्याने वाचायला लागला, इंग्रजीत. नंबरची मालकी दुसऱ्याला देण्यासाठी हा आकडा सांगा, तुमची इच्छा नसेल तर कोणालाही सांगू नका, असं त्यात होतं. अक्षरशः असं. ते सगळं दुकानभर ऐकू आलं आणि तिला त्यातले फक्त आकडे कळले. तिने मोबाइल कानाशी नेऊन परत एकदा ऐकले, आणि ताठ बसून, एकेक करून सहाही आकडे मुलीला मोठ्याने सांगितले. एकही चुकली नाही. मग मुलीने कॅमेरा माझ्यासमोर धरला. मी डोळे मिटले, उघडले. एका फटक्यात पास.

"झालं?" आत्या म्हणाली.

"झालं."

"माज्या नावावर?"

मी हो म्हटलं. अण्णा, मी हो म्हटलं. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि दुकानातून निघेपर्यंत ती मुलीला सांगत होती की माझ्या दादाची ही लेक, बापावर गेली. मुलगी खाली बघून काउंटर पुसत होती.

कालपासून तिला कामाचे फोन यायला लागले. आज दुपारी तिने स्वतःच्या फोनवरून मला फोन केला, नेरळकडचं एक बाळंतपण आलं आहे, सोमवारपासून जाणार आहे. आवाज असा की तीस वर्षांनी लहान झाल्यासारखा. मी बोलत होते आणि बोलता बोलता मला वाटत होतं की ती आत्ता विचारेल, तिला कळलं असेल. चोराच्या मनात चांदणं. तिने काही विचारलं नाही. आई गेल्यापासून माझ्यावर इतका विश्वास टाकणारं दुसरं माणूस मला नाही, आणि मी तिच्या तोंडाला पानं पुसली.

हे पत्र तुम्हाला पोहोचायचं नाही हे मला कळतं. जिला ते कळायला हवं ती इथून वीस मिनिटांवर राहते, तिच्याकडे फोनही आहे, आता चालू आहे. मी मघाशी दोनदा नंबर काढला आणि दोन्ही वेळा कोणते शब्द वापरायचे ते सुचलं नाही. तिची अडचण होत होती, हातची कामं जात होती, म्हणून केलं, असं मी परवापासून स्वतःला सांगत आले आहे. तुम्हाला लिहायला बसले तेसुद्धा तेच सांगायला. पण तिला काही घाई नव्हती. ती थांबायला तयार होती, पहिल्याच दिवशी तसं म्हणाली होती. रोज दुपारचा तिचा तो फोन मला ऐकवत नव्हता.